आबांच्या मुठीतले सतरा दाणे

एक

शीतखोलीच्या दाराबाहेर, खांद्याच्या उंचीवर, भिंतीत एक खिळा होता. सोमवारी संध्याकाळी पाच वाजता त्या खिळ्यावर काहीच नव्हतं. माणूस गेला तो त्या रिकाम्या खिळ्यापायी.

हे समजायला आधी त्या दाराची खोड समजून घ्यायला हवी. ते केंद्र मक्याच्या बियाण्याचं. नवे वाण काढायचे आणि त्या वाणांचे आईबाप जपायचे, एवढंच तिथलं काम. आईबाप म्हणजे डब्यांत भरलेले दाणे, आणि ते डबे शीतखोलीत. खोलीचं दार हातभर जाड, आपोआप मिटणारं. आतून उघडायची कळ महिन्यापूर्वी तुटली होती आणि तिच्या दुरुस्तीचा अर्ज मॅनेजरच्या टेबलावर चहाचे डाग झेलत पडला होता. तोवर लोकांनी आपली सोय आपण करून घेतली. आत जाणाऱ्याने आपल्या नावाची लाकडी पट्टी खिळ्याला अडकवायची, दाराखाली पाचर सरकवायची आणि मग आत शिरायचं. पाच वाजता मुकादम येणार, खिळा बघणार, एक हाक मारणार आणि बाहेरून कुलूप घालणार. दार उघडून आत डोकावायची पद्धत नव्हती, कारण उगाच गारवा जातो.

मंगळवारी सकाळी मुकादमाने कुलूप काढलं तेव्हा आबा तिसऱ्या मांडणीला टेकून बसलेले दिसले. पंचवीस वर्षं ज्यांनी त्या केंद्राचा एकूणएक दाणा निवडला ते म्हातारे आबा, अंगात सुती सदरा, पायात चपला, डोळे उघडे. डॉक्टर म्हणाले, थंडीने आणि धसक्याने हृदय थांबलं. आबांची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. ती उघडायला फौजदाराला दोन माणसं लागली, आणि आतून मक्याचे सतरा दाणे निघाले.

आबांची पट्टी खिळ्यावर नव्हती, खोलीत नव्हती, त्यांच्या खिशातही नव्हती. दुपारी ती सापडली. मुकादमाच्या हत्यारांच्या पेटीत, विळ्यांच्या खाली.

मुकादमाला सगळे बारक्या म्हणत. सहा फूट उंच, दार ओलांडताना वाकणारा हा बारक्या, बीजतपासणीच्या खोलीत बसणाऱ्या ताईचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि ताई सोळाची. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून नोकरीला चिकटवण्यापर्यंत सगळं तिनेच केलं होतं. पोलिसांच्या गाडीत बसवताना त्याने मागे वळून पाहिलं.

"दार मीच लावलं, ताई," तो म्हणाला. "माझ्याच हाताने."

फौजदाराने तेवढं वाक्य वहीत उतरवून घेतलं.

दोन

ताई रडणाऱ्यातली नव्हती. नाकावर माशी बसू न देणारी, मोजूनमापून बोलणारी बाई ती. चिमट्याने दाणा दाणा मोजण्यात तिची वीस वर्षं गेली होती आणि त्यामुळे माणसांशीही ती तशीच वागते असं लोक म्हणत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चौकीत जाऊन फौजदारासमोर खुर्ची ओढून बसली.

"थंडीने गारठणारा माणूस हात कुठे घालतो?" तिने विचारलं.

फौजदार बुटका, झोपाळू डोळ्यांचा माणूस होता. समोरच्याला वाटावं याचं लक्षच नाही. "काखेत," तो म्हणाला.

"मग आबांनी मूठ का आवळून धरली? ते दाणे कोणाच्या तरी हाती पडावेत म्हणून. बोलता येणार नाही हे त्यांना कळलं होतं. ते दाणे मला पेरू द्या."

"तुम्ही आरोपीच्या बहीण."

"बीजतपासणी करणारी इथे दुसरी कोणी असेल तर तिला बोलवा."

दुसरी कोणी नव्हती. फौजदाराने जांभई दिली, कपाटातून कागदाची पुडी काढून तिच्यापुढे सरकवली. ताईने तिथेच उघडून मोजले. नऊ.

"बाकीचे आठ?"

"मुद्देमाल. अर्धा नमुना आमच्याकडेच राहतो. आजपासून पंधराव्या दिवशी मी कागद कोर्टात पाठवणार, काय उगवायचं ते त्याच्या आत उगवू दे." मग सहज विचारल्यासारखं करून त्याने वही ओढली. "माती कसली घेता? पाणी किती? दाणा किती खोल?"

ताईला त्या चौकशीचा कंटाळा आला होता, तरी तिने सगळं सांगितलं. नदीची वाळू, बोटाच्या एका पेराएवढी खोली, पाणी दोन वेळा शिंपडून. फौजदाराने ते शाळेतल्या पोरासारखं लिहून घेतलं.

निघताना तिने डबा बघायला मागितला. आबा ज्या मांडणीला टेकले होते तिथला, झाकण उघडं पडलेला तो डबा. त्यावर आबांच्या अक्षरात एकच शब्द होता: रडकी.

त्या शब्दाची गोष्ट केंद्रात सगळ्यांना पाठ होती. मक्याचं एक झाड घ्यायचं, त्याचाच तुरा त्याच्याच कणसावर झाडायचा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. स्वतःशीच लग्न लावत गेलेलं झाड पिढीगणिक खंगत जातं. पंचवीस पिढ्यांनी आबांच्या हाती उरली ती ही रडकी. गुडघ्याएवढी, पानं गळालेली, बोटाएवढं कणीस. तिच्या जोडीला मुका, तसाच एक मरतुकडा नर. पण रडकीच्या कणसावर मुक्याचा पराग पडला की जे बी तयार होई, ते पेरल्यावर माणसाने हात वर केला तरी शेंड्याला लागू नये असं झाड येई. दोन रोगटांच्या पोटी पहिलवान. संकराचा जोम म्हणतात तो हा. पण तो एकाच पिढीपुरता टिकतो, म्हणून दरवर्षी पुन्हा रडकी लागते, आणि तीही शुद्ध. रडकी गेली तर पंचवीस वर्षं गेली.

ताईने डबा उचलून उलटा केला. तळाचा हिरवा रंग बारीक फोड येऊन उचकटला होता. शेजारचे सगळे डबे तळाशी गुळगुळीत होते.

चार अंशांच्या गारठ्यात ठेवलेल्या डब्याला भाजल्याचे फोड कसे आले, हा एकच प्रश्न घेऊन ती चौकीतून निघाली.

तीन

दाणे वाळूच्या पेटीत पेरून झाल्यावर हातावर हात ठेवून बसणं ताईच्या स्वभावात नव्हतं. आधी ती मॅनेजरकडे गेली.

मॅनेजर गोड बोलणारा, इस्त्रीच्या कपड्यातला माणूस. अर्ज अजून टेबलावरच होता, फक्त आता पालथा ठेवलेला. "वाईट झालं," तो म्हणाला. "पण आता हे जितकं लवकर मिटेल तितकं बरं. तुमच्या भावाला आदल्या आठवड्यात आबांनी सगळ्यांसमोर झापलं होतं, हे मी लपवू शकत नाही."

"चार झाडांचे तुरे खुडायचे राहिले म्हणून झापलं. माझा भाऊ त्यासाठी माणूस मारणार?"

"मी कुठे म्हणतो?" मॅनेजरने हात वर केले.

ताईने खिशातून दोन दाणे काढून त्याच्या टेबलावर ठेवले, त्यातला एक तपासणीत बाद झालेला, रडकीचा जुना दाणा. "यातला रडकीचा कोणता?"

त्याने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला आणि बाजारातल्या साध्या मक्यावर बोट ठेवलं. "मला दोन्ही सारखेच दिसतात हो," तो हसून म्हणाला. "मी आपला कागदांचा माणूस."

धाकटे साहेब मात्र दाण्यांचेच माणूस होते. आबांचे शिष्य, आबांच्या खुर्चीवर डोळा असलेले, आणि ते लपवण्याचीही तसदी न घेणारे. ताई गेली तेव्हा ते कणसांवर चढवायच्या कागदी पाकिटांच्या ढिगाऱ्यात बसले होते.

"सोमवारी दुपारच्या चहाला आबा काय म्हणाले, तुम्ही होतात ना?" तिने विचारलं.

"सगळेच होतो. मी, मॅनेजर, कोठीकाका, तुमचा बारक्या. आबा म्हणाले, उद्या मी रडकी पेरून बघणार आहे. मी म्हटलं, हंगाम नसताना? ते चहा तसाच टाकून उठले."

"डब्यात काही गडबड झाली असावी असं वाटतं मला."

धाकटे साहेब कडवट हसले. त्यांनी पाठीमागच्या लोखंडी कपाटावर थाप मारली. "रडकीच्या दोन सख्ख्या बहिणी आहेत यात. दाणा तोच, रोप तसंच मरतुकडं. डब्याला काही झालं असतं तर मी तासाभरात भरून ठेवला असता, आणि दोन हंगाम आबांनाही पत्ता लागला नसता. मी कितीदा म्हटलं, या राखीव ठेवू. ऐकलं नाही. बहीण म्हणजे ती नव्हे, म्हणाले. मुक्याशी बहिणींचं जमत नाही, हेही खरंच होतं म्हणा."

"या कपाटाची किल्ली?"

"माझ्या कमरेला. अंघोळीलाही तिथेच." मग जरा थांबून ते म्हणाले, "यंदा रडकीला एक नवं स्थळही बघितलं होतं. जांभळ्या नावाचा नर. तुमच्या बारक्याचा पाय मोडून तो चाळीस दिवस दवाखान्यात होता, तेव्हाच कणसं निघाली. एकच पोतं. अजून वजनही झालेलं नाही, कोठीतल्या आतल्या कपाटात पडलंय. त्या कपाटाच्या किल्ल्या दोनच, एक माझी आणि एक काकांची."

तिसरे कोठीकाका. बियाण्याची कोठी आणि वाळवणीची भट्टी तीस वर्षं सांभाळणारे, ताईला या नोकरीत पहिला चिमटा हातात धरायला शिकवणारे. तिला बघताच त्यांनी स्टूल पुसून दिलं आणि चहा ओतला. कपबशी खुळखुळत होती.

"बारक्या असं करणार नाही गं," ते म्हणाले. डोळे सुजलेले. "लेकरू आहे ते. मी फौजदाराला सांगून आलो."

 सबंध केंद्रात एवढं बोलणारा हा एकच माणूस निघाला. तिने डब्याच्या फोडांचं सांगितलं.

"जुना डबा," काका म्हणाले. "रंग जातोच." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "ते दाणे रडकीचेच आहेत ना? मला दाखवायचे होतेस. रडकीचा दाणा मी डोळे मिटूनसुद्धा ओळखीन. एका टोकाला चेपलेला, अंगठ्याला बरोबर लागतो."

"चेहरा रडकीचाच आहे, काका."

"मग झालं तर. किती दिवस लागतील उगवायला?"

"पाच दिवसांत कोंब, दहाव्या दिवशी चेहरामोहरा."

काकांनी मान डोलावली आणि भट्टीची आच कमी करायला उठले.

चार

पाचव्या दिवशी सकाळी ताईने पेटीचं झाकण उचललं आणि तिच्या पायाखालची वाळू सरकली.

नऊच्या नऊ दाणे उगवले होते. एका रांगेत, ताठ, सुतळीएवढे जाड कोंब. रडकी अशी कधीच उगवत नाही. ती उगवते ती आठवडाभर कुंथत, शंभरातली तीस मातीतच कुजत. ही रडकी नव्हती. हा संकराचा जोम होता.

दाण्याचा चेहरा रडकीचा का, हे तिला सांगायला कोणी नको होतं. दाण्याची साल आईची असते. बाप कोणीही असो, रडकीच्या कणसावर पिकलेला दाणा रडकीसारखाच दिसणार. बाप दिसतो तो रोपात. म्हणजे कोणीतरी शुद्ध रडकी काढून त्याच डब्यात तिचीच संकरित पोरं भरून ठेवली होती, आणि आबांना संशय आला म्हणून आबांना आत कोंडलं.

इथवर सरळ होतं. पुढचा विचार आला आणि तिने झाकण पुन्हा लावून टाकलं. रडकीवर मुक्याचा पराग झाडण्याचं काम दरवर्षी कोण करतं? बारक्या. ती कणसं कोण खुडतं? बारक्या. रडकीचा दाणा नजरेने ओळखणारी माणसं केंद्रात तिच्याखेरीज तीन, धाकटे साहेब, कोठीकाका आणि बारक्या. भावाला सोडवायला म्हणून पेरलेले दाणे त्याच्याच गळ्याला फास लावायला निघाले होते.

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. पेटी फेकून द्यावी असं एकदा मनात येऊन गेलं, आणि असं मनात आल्याची तिला भयंकर लाज वाटली.

एकच धागा उरला होता, बाप. मुक्याच्या पोरांचा बुंधा हिरवा असतो आणि जांभळ्याच्या पोरांचा जांभळा, एकही चुकत नाही. पण तो रंग सातव्या-आठव्या दिवसाआधी उमटत नाही. दोन दिवस कळ काढायची होती. बारक्याला भेटायला ती गेली तेव्हा तो गजांना धरून उभा होता. त्याने रोपांचं विचारलंच नाही.

"आबांनी आतून हाक मारली असेल का गं?" त्याने विचारलं. "मी हाक मारली तेव्हा ते आतून ओरडत असतील का?"

"त्या दारातून काही ऐकू जात नाही, बाळा."

"मी नुसतं उघडून बघायला हवं होतं."

सातव्या दिवशी सकाळी ताई बीजतपासणीच्या खोलीपाशी पोचली तेव्हा मागची खिडकी उघडी होती. पेटीतून वाफ येत होती. नऊही रोपं शिजून वाळूवर आडवी झाली होती. कोणीतरी त्यांच्यावर उकळतं पाणी ओतलं होतं, रंग उमटायच्या आत.

पाच

चौकीत शिरताना तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "बारक्या तुमच्या कोठडीत आहे. मग माझी रोपं कोणी मारली?"

"ते मीही विचारीन," फौजदार म्हणाला. "पण वकील म्हणेल, बहिणीनेच मारली. नको ते उगवलं असेल म्हणून."

नको तेच उगवलं होतं. तिने काहीही न लपवता सगळं सांगून टाकलं, मुक्याचं, जांभळ्याचं, बारक्याचंही. "आता बाप कळायला मार्ग नाही," ती म्हणाली.

फौजदार उठला. झोपाळू डोळे आता अजिबात झोपाळू नव्हते. त्याने मागच्या खिडकीचा पडदा सारला. खिडकीत, गार वाऱ्यात, चहाचे आठ काचेचे पेले ओळीने मांडलेले होते. त्यांत नदीची वाळू होती आणि वाळूतून रोपं वर आली होती.

"आरोपीच्या बहिणीवर मी का विश्वास ठेवावा?" तो म्हणाला. "तुम्ही सांगितलं तसंच पेरलं. पेराएवढं खोल, दोन वेळा पाणी. फक्त हे एक फुकट गेलं." त्याने टोकाच्या पेल्याकडे बोट केलं. "फेकूनच देणार होतो."

ताईने वाकून पाहिलं. सात रोपं तगडी होती. आठवं दोऱ्याएवढं बारीक, पिवळट, मान टाकलेलं.

"हात लावू नका त्याला," ती म्हणाली. "पाच दिवस द्या मला. आणि मग सगळ्यांना इथे बोलवा."

सहा

बाराव्या दिवशी दुपारी चौकीच्या मागच्या खोलीत पाच खुर्च्या मांडल्या होत्या. मॅनेजर घड्याळ बघत होता. धाकटे साहेब पाय हलवत होते. कोठीकाका टोपी मांडीवर घेऊन बसले होते. बारक्याला हवालदाराने आणून बसवलं तेव्हा काकांनी मान खाली घातली. पडदा ओढलेला होता.

"आबांच्या डब्यातला माल कोणीतरी बदलला," ताईने सुरुवात केली. "त्यात रडकीची संकरित पोरं भरली. बदलणाऱ्याला एक गोष्ट सांभाळायची होती, चेहरा. आबा डबा उघडतील तेव्हा दाणा रडकीचाच दिसला पाहिजे. ज्याला मक्याचे दोन दाणे वेगळे ओळखता येत नाहीत, त्याने हे कसं करावं? मॅनेजरसाहेब, तुम्ही सुटलात."

मॅनेजरने घाम पुसला.

"आता धाकटे साहेब. त्यांना चेहरा येतो, किल्ल्याही आहेत. पण त्यांच्या कपाटात रडकीच्या बहिणी आहेत. त्याच चेहऱ्याच्या आणि तशाच रडक्या. त्या भरल्या असत्या तर पेरूनही कळलं नसतं. एवढी सोय हाताशी असताना, उगवल्या दिवशी बोंब मारणारं जोमदार बी ते कशाला भरतील? हे काम अशा माणसाचं, ज्याला चेहरा हवा होता पण बहिणी मिळत नव्हत्या. असे दोघंच उरतात." तिने भावाकडे पाहिलं, मग काकांकडे. "कोठीकाका आणि बारक्या."



"बारक्याच्या हाताखालचं बी मुक्याचं. त्याच्या रोपांचा बुंधा हिरवा." तिने पडदा सारला.

खिडकीतल्या सात रोपांचे बुंधे जांभळेगर्द होते.

"हा जांभळ्या," ती म्हणाली. "बारक्या दवाखान्यात असताना निघालेलं एकुलतं एक पोतं. बारक्याने ते पाहिलेलंही नाही. मुक्याच्या पोत्यांना वजनाचे शिक्के, मूठभर कमी झालं तरी कळतं. हे पोतं बिनवजनाचं. किल्ल्या दोन. त्या दोघांतले धाकटे साहेब सुटले."

कोठीकाका बसल्या जागी पुतळा झाले होते. "किल्ली असली म्हणून काय झालं," ते हळूच म्हणाले. "किल्ली कोणी घेतली असेल."

"डब्याच्या तळाला भाजल्याचे फोड आहेत, काका. असली आच आपल्याकडे एकाच ठिकाणी असते. आणि दहाव्या दिवशी चेहरा कळेल हे मी तुमच्याखेरीज कोणाला सांगितलं नव्हतं."

"भट्टीपाशी कोणीही येतं." त्यांचा आवाज आता कोरडा होता. "तू मला चोर म्हणतेस? मी रडकी चोरीन?"

"नाही. तुम्ही चोरली नाहीत." ताईने टोकाचा पेला उचलला आणि त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. "हे बघा. आबांनी वरचे दाणे घेतले, आणि झाकणाच्या सांध्यात अडकलेला, आचेपासून लांब राहिलेला एक जुना दाणा घेतला. जांभळ्याच्या सोळा पोरांत हा एक वेगळा निघाला."

काकांनी पेला दोन्ही हातांत धरला. ते पिवळट, मान टाकलेलं रोप त्यांनी डोळ्यांजवळ नेलं. त्याचा बुंधा फिकट हिरवा होता. 

"एकही आला नव्हता," ते म्हणाले. "मी दोनशे दाणे ओल्या फडक्यात ठेवून बघितले. परत दोनशे. एकसुद्धा आला नव्हता गं."

फौजदाराने पेन उचललं, पण लिहिलं नाही.

"वर्षाची वाळवण होती. अर्धा तास बाजूच्या कट्ट्यावर ठेवायचा डबा मी भट्टीच्या लोखंडावर ठेवला आणि दुपारी माझा डोळा लागला. तीस वर्षांत एकदा. उठलो तेव्हा डब्याला हात लावता येत नव्हता. आबांना काय तोंड दाखवू? रडकीसाठी त्या माणसाने घर केलं नाही, संसार केला नाही. म्हटलं, आई तीच आहे, चेहरा तोच आहे, हंगामापर्यंत काहीतरी सुचेल. मग ते म्हणाले, उद्या पेरतो." त्यांनी बारक्याकडे पाहायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "मी पट्टी काढली, पाचर ओढली आणि दिवा घालवला. एवढंच केलं. मारलं नाही मी. नंतर उघडीन, पाया पडेन, असं म्हणत कोठीत बसलो होतो. तेवढ्यात कुलूप घातल्याचा आवाज आला."

"आणि पट्टी त्याच्या पेटीत," फौजदार म्हणाला.

काकांनी मान डोलावली. ताईच्या डोळ्यांसमोर खुळखुळणारी कपबशी आली, लेकरू आहे ते, असं म्हणणारा आवाज आला, आणि तिला इतकी चीड आली की तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली. हातात चिमटा देणारा हाच हात होता. त्या हातांतून तिने पेला काढून घेतला. काकांनी सोडला, पण नजर त्यावरून हलेना.

"तिला कडक ऊन लावू नकोस," हवालदार उठवत असताना ते म्हणाले. "पाणी हातानेच शिंपड. एक झाड जगलं तरी पुरे. तुरा तिचाच तिच्यावर झाड."

"मला माहीत आहे," ताई म्हणाली.

सात

बारक्या तिसऱ्या दिवशी कामावर आला.  मॅनेजरने कळ दुरुस्त करून घेतली होती, एका दिवसात. पेला ताईच्या खिडकीत होता, आणि रडकीने नवं पान काढलं होतं, नखाएवढं.

पाच वाजले. ताई खोली बंद करून निघाली तेव्हा बारक्या शीतखोलीपाशी उभा होता. खिळ्यावर काही नव्हतं. त्याने हाक मारली. पुन्हा मारली. मग कुलूप खाली ठेवून त्याने दार उघडलं आणि वाकून आत शिरला. एकेक मांडणी, एकेक कोपरा. ताईने धावत जाऊन दारात पाय घातला आणि ते उघडं धरून उभी राहिली.

पलीकडून मॅनेजर चालला होता. "अहो ताई, गारवा जातोय सगळा," तो म्हणाला.

"जाऊ दे," ताई म्हणाली, आणि भाऊ बाहेर येईपर्यंत तिने पाय काढला नाही.